तात्पुरती सोय : ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठचं एक हॉटेल आणि आपली शाळा
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. निरोप असा होता, की "तू इतकी वर्षं हॉलंडात आहेस, तर तिकडचं काहीतरी सांग, पण सॉफ्टवेअरबद्दल नको, कोणाला कळणार नाही." मी लगेच मान्य केलं. खरं सांगायचं तर सॉफ्टवेअरबद्दल बोललं तर कधीकधी मलाही कळत नाही.

म्हणून मी आज एका हॉटेलबद्दल बोलणार आहे. आत्ता मागच्या रांगेतून कोणीतरी "मासे गावतत काय गो थंय?" असं विचारल्याचं ऐकू आलं. गावतात. पण मी जेवणाबद्दल बोलणार नाही, इमारतीबद्दल बोलणार आहे. आणि ते का, हे शेवटी सांगेन. शाळेच्या जुन्या इमारतीबद्दलचं पत्रक आपल्या सगळ्यांनाच आलेलं आहे. माझ्या बोलण्याचा रोख तिकडेच आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको.

ॲमस्टरडॅमचा सगळ्यात जुना भाग म्हणजे कालव्यांमधला एक चिंचोळा पट्टा. जगभरचे पर्यटक जे अर्धवर्तुळाकार कालवे बघायला येतात आणि ज्यांना २०१० साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं, ते सतराव्या शतकातले. मी म्हणते तो भाग त्याच्याही आधीचा, मध्ययुगातला. तिथल्या एका कालव्याचं नाव औदेझाइड्स फोरबुर्खवाल. नाव उच्चारायला मला दोन वर्षं लागली, तुम्ही प्रयत्न करू नका. त्या कालव्याच्या काठावर, १९७ क्रमांकाला, एक भलंमोठं हॉटेल आहे. १९९२ मध्ये ते 'द ग्रँड' या नावानं सुरू झालं. पुढच्या बाजूला मोठा चौक, चौकामागे दगडाविटांचा भारदस्त दर्शनी भाग, आणि आत वेगवेगळ्या काळांतल्या इमारती एकमेकींना चिकटलेल्या.

माझ्या ऑफिसातलं एक मोठं काम पार पडल्यावर आम्हाला तिथे जेवायला नेलं होतं, तेव्हा मी पहिल्यांदा आत गेले. आमच्या टीममधला एक डच सहकारी म्हणाला, "माझ्या आईवडिलांचं लग्न इथेच झालं." मला वाटलं, श्रीमंत घरचा दिसतोय. तो हसला आणि म्हणाला, "अगं, तेव्हा हे हॉटेल नव्हतं, महापालिका होती. माझे वडील ट्राम चालवायचे." त्या एका वाक्यानं मला त्या इमारतीच्या मागे लावलं. नंतर मी किती वेळा नुसती कॉफी प्यायला म्हणून तिथे गेले असेन, त्याचा हिशेब नको.

आता तिची कहाणी सांगते. पंधराव्या शतकात त्या जागी दोन मठ होते. एक संत कॅथरीनचा, एक संत सेसिलियाचा. जोगिणींचे मठ. तेव्हा त्या भागात इतके मठ होते, की जवळच्याच एका गल्लीचं नाव आजही 'न संपणारी प्रार्थना' असं आहे.

१५७८ च्या मे महिन्यात ॲमस्टरडॅममध्ये सत्तांतर झालं. कॅथलिक नगरशासन जाऊन प्रोटेस्टंट आलं, आणि तेही रक्तपाताविना. मठांच्या मालमत्ता शहरानं ताब्यात घेतल्या. या दोन मठांचं काय करायचं? शहराला राजेरजवाडे, परदेशी पाहुणे उतरवायला जागा हवी होती. मठाचं झालं अतिथिगृह, आणि नाव पडलं प्रिन्सेनहॉफ, म्हणजे राजपुत्रांचा वाडा. १६३८ साली फ्रान्सची राजमाता मेरी दे मेदिची ॲमस्टरडॅमला आली, तेव्हा शहरानं पाण्यावर देखावे उभे करून तिचं स्वागत केलं. ती इथेच उतरली होती. म्हणजे बघा, १९९२ मध्ये हॉटेल झालं असं आपण म्हणतो, पण पाहुणे ठेवायचं काम या वास्तूनं चारशे वर्षांपूर्वीच करून झालं होतं.

पाहुणे काही रोज येत नाहीत. त्यामुळे याच आवारात आरमाराचं कार्यालय आलं. त्या काळी डच प्रजासत्ताकाची पाच आरमार मंडळं होती, आणि त्यांत ॲमस्टरडॅमचं सगळ्यात मोठं. मालावर जकात घ्यायची, त्या पैशातून लढाऊ जहाजं बांधायची आणि व्यापारी जहाजांना संरक्षण द्यायचं, असं ते काम. जकात वाढली, जहाजं वाढली, कारकून वाढले, जागा पुरेना. १६६१ च्या सुमारास चौकामागचा तो भारदस्त दर्शनी भाग उभा राहिला. त्याच्या माथ्यावरच्या त्रिकोणात आजही नांगर कोरलेले दिसतात.

इथे इतिहासाच्या बाईंच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतो आहे मला. हो बाई, येतेच मी वेंगुर्ल्यावर! आपण सातवीत असताना बाईंनी आपल्याला रांगेनं डच वखार बघायला नेलं होतं. जांभ्या दगडाच्या त्या पडक्या भिंती, वर वाढलेले वड-पिंपळ, आणि "आत जाऊ नका, जनावर असेल" असं ओरडणारे शिपाईकाका. ती वखार १६३७ सालची. पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना अन्नपाणी, बातम्या आणि टेकायला जागा हवी होती, म्हणून वेंगुर्ला. मात्र ती वखार या आरमाराची नव्हे, डच ईस्ट इंडिया कंपनीची. दोन्ही संस्था वेगळ्या. पण कंपनीचं मुख्य घर या हॉटेलपासून चालत पाच मिनिटांवर आहे, आणि तिथे आज विद्यापीठाचे वर्ग भरतात. एका कंपनीच्या दोन इमारती. एकीत मुलं शिकतात, दुसरीत वड वाढतोय. दोन्हींत दगड सारखाच टिकाऊ होता. फरक पडला तो एवढाच, की एकीत माणसांचा वावर चालू राहिला आणि दुसरीतला थांबला.

पुढे चला. ॲमस्टरडॅमची खरी महापालिका होती डाम चौकात. याकोब फान काम्पेन या वास्तुविशारदानं आखलेली ती इमारत १६५५ मध्ये वापरात आली. तिचा पाया कसा आहे, हे गणिताच्या सरांसाठी सांगते. ॲमस्टरडॅमची जमीन म्हणजे वर नुसता चिखल. साधारण अकरा-बारा मीटर खाली गेलं की वाळूचा घट्ट थर लागतो. म्हणून तिथली जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब चिखलातून ठोकत ठोकत वाळूपर्यंत न्यायचे, वर फळ्या टाकायच्या, आणि त्यावर विटांचं घर. त्या एका महापालिकेखाली १३,६५९ खांब आहेत. हा आकडा तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतो. वर्षाचे दिवस ३६५, आधी १ लावा, शेवटी ९ लावा, झालं. सर, तुमच्या पावकी-निमकीच्या युक्त्यांची आठवण झाली.

लाकूड चिखलात कुजत नाही का? आपल्याकडे बांबू वापरण्याआधी पाण्यात बुडवून ठेवतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तसंच काहीसं. लाकूड पूर्ण पाण्याखाली राहिलं तर त्याला हवा मिळत नाही, बुरशी लागत नाही, आणि ते शतकानुशतकं टिकतं. पाण्याची पातळी खाली गेली आणि खांबाचं डोकं उघडं पडलं, की मात्र कुजायला सुरुवात. म्हणून तिथे कालव्यांची आणि भूजलाची पातळी डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. आपल्याला कालव्याकाठची घरं दिसतात, त्यांचे रंग दिसतात, वर सामान चढवायचे आकडे दिसतात. ते सगळं ज्याच्यावर उभं आहे, ते कोणाला दिसत नाही.

तर, १८०८ मध्ये नेपोलियनचा भाऊ लुई, जो तेव्हा हॉलंडचा राजा होता, त्याला डाम चौकातली महापालिका इतकी आवडली की त्यानं तीच राजवाडा म्हणून घेतली. महापालिका बाहेर! आता बसायचं कुठे? प्रिन्सेनहॉफ आहे की! १६५२ मध्ये जुनी महापालिका जळाली तेव्हाही नगरशासन तीन वर्षं इथेच येऊन राहिलं होतं. मधल्या काळात, १७९५ मध्ये, ती आरमार मंडळंही बरखास्त झाली होती. सगळं सामान इकडे हललं. फ्रेंच गेले, डच राजे आले, पण राजवाडा राजवाडाच राहिला. १९३० च्या दशकात शहरानं तो अखेर सरकारला विकूनच टाकला, नव्या महापालिकेसाठी पैसे मिळाले, मग जागेवरून वाद, मग युद्ध, मग पुन्हा वाद. शेवटी नवी इमारत झाली आणि महापालिका इथून हलली ती १९८८ मध्ये.

म्हणजे १८०८ ते १९८८. एकशे ऐंशी वर्षं दुसऱ्याच्या घरात! आपली नववी ब शेडमध्ये बसायची, आठवतंय? "ही तात्पुरती सोय आहे," असं हेडसर दरवर्षी म्हणायचे. सर, तुम्ही ॲमस्टरडॅमपेक्षा पुष्कळ बरे. आमची शेड अकरा वर्षांतच गेली.

पण या एकशे ऐंशी वर्षांत तिथे जे झालं, ते मला मेरी दे मेदिचीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. या काळात ती इमारत राजपुत्रांची राहिली नाही, सगळ्यांची झाली. मूल जन्मलं, या इथे नोंद करायला. हॉलंडमध्ये कायद्यानं आधी नोंदणी लग्न लागतं, चर्चमधलं नंतर. त्यामुळे लग्न करायचं, या इथे. ट्राम चालवणारा आला आणि राजकन्याही आली. १९२० च्या दशकात निकोलास लान्सडॉर्प या वास्तुविशारदानं तिथे नवा भाग बांधला, नव्या सभागृहासह. शैली ॲमस्टरडॅम स्कूल म्हणून ओळखली जाते ती, विटांना पिठासारखं वळवणारी. लग्नाच्या दालनाच्या भिंती ख्रिस लेबो या कलावंतानं रंगवल्या. लेबो अराज्यवादी विचारांचा होता. म्हणजे ज्याचा सरकार या गोष्टीवरच विश्वास नाही, त्यानं सरकारी लग्नाचं दालन सजवलं! पुढे जर्मन ताब्याच्या काळात त्यानं ज्यूंना मदत केली, पकडला गेला, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये डाखाउच्या छळछावणीत मेला. युद्ध संपायला महिना राहिला होता.

त्याच इमारतीत १० मार्च १९६६ रोजी राजकन्या बेआट्रिक्सचं नोंदणी लग्न लागलं. नवरा क्लाउस जर्मन, आणि तरुणपणी जर्मन सैन्यात होता. युद्ध संपून जेमतेम एकवीस वर्षं झालेली. रस्त्यावर निदर्शनं, धुराचे बॉम्ब. पुढे हाच क्लाउस तिथल्या लोकांचा फार लाडका झाला, हेही सांगायला हवं. माझ्या शेजारच्या आजींचं लग्न त्याच दशकात त्याच इमारतीत लागलं. त्या म्हणतात, "तिला सोन्याची बग्गी होती, आम्ही सायकलवर गेलो. पण जिना तोच."

आता मला तुम्हाला त्या इमारतीतली एक भिंत दाखवायची आहे. पडद्यावर फोटो लावलाय, मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर सांगा.

१९४९ सालची गोष्ट. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहासाठी एक भित्तिचित्र करायचं काम कारेल आपेल नावाच्या तरुण चित्रकाराला मिळालं. वय अठ्ठावीस. आदल्या वर्षीच त्यानं आणि काही मित्रांनी कोब्रा नावाचा चित्रकारांचा गट काढला होता. लहान मुलांसारखं थेट, भडक, न घोटता रंगवायचं, हा त्यांचा आग्रह. युद्धानंतर आगगाडीनं जर्मनीतून जाताना आपेलनं स्टेशनांवर भीक मागणारी मुलं पाहिली होती. तीच त्यानं रंगवली. ठोकळ्यांसारखी शरीरं, मोठाले गोल डोळे, आणि सगळी तुमच्याकडे बघतायत. चित्राचं नाव 'व्राखंडे किंडरन'. डचमध्ये 'व्राखन' या क्रियापदाचे दोन अर्थ. विचारणं आणि मागणं. म्हणजे ही प्रश्न विचारणारी मुलं, किंवा हात पसरणारी मुलं. तुम्हाला जे ऐकू येईल ते.

कर्मचारी चिडले. या डोळ्यांसमोर आमच्या घशाखाली घास उतरत नाही, अशी तक्रार. वर्तमानपत्रांतून टीका. आल्डो फान आइक हा वास्तुविशारद आपेलच्या बाजूनं उभा राहिला, त्यानं बचावात एक पत्रकही काढलं. उपयोग झाला नाही. चित्र झाकून टाकलं, आणि ते जवळजवळ दहा वर्षं झाकलेलंच राहिलं. पुसलं मात्र नाही. पुढे आपेल जगप्रसिद्ध झाला, आणि चित्र उघडलं गेलं. ती उपाहारगृहाची जागा आज हॉटेलच्या खानपानाच्या भागात आहे. भिंत तीच, मुलं तीच. फक्त आता समोर महागडे पदार्थ घेऊन पाहुणे बसतात, आणि ती मुलं त्यांच्याकडे बघत राहतात.

चित्रकलेच्या बाई, तुम्ही म्हणायचात, "चित्र बघून बरं वाटलं पाहिजे असं कोणी सांगितलं?" मला ते वाक्य तिथे उभं राहिल्यावर समजलं.

असं हे हॉटेल. आणि हे एकटं नाही. प्रिन्सेनग्राख्ट कालव्यावर पुलित्झर नावाचं हॉटेल आहे, ज्यांच्या नावानं पत्रकारितेचं पारितोषिक देतात त्या जोसेफ पुलित्झरांच्या नातवानं १९७० मध्ये सुरू केलेलं. ते म्हणजे जुनी पंचवीस घरं आतून जोडून केलेलं एक हॉटेल. जहाज कंपन्यांचं १९१६ चं कार्यालय, तेही आज हॉटेल आहे. पाहणाऱ्याला वाटतं, यांना जुन्या इमारती टिकवायची फार हौस आहे. तसं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथेही शेकडो जुनी घरं मोडकळीला आली होती आणि पाडून रुंद रस्ते करायच्या योजना होत्या. १९५६ मध्ये काही लोकांनी मिळून श्टाट्सहेरश्टेल, म्हणजे शहर-दुरुस्ती, अशी एक कंपनी काढली. पडायला आलेलं घर विकत घ्यायचं, नीट दुरुस्त करायचं, भाड्यानं द्यायचं, आलेल्या भाड्यातून देखभाल आणि पुढचं घर. देणगीच्या पावत्या फाडून एकदा रंगरंगोटी करायची आणि विसरून जायचं, असं नाही. घर स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, हा हिशेब.

माझ्या धंद्यात याला समांतर गोष्ट आहे, एकच मिनिट घेते. बँकांच्या, विमा कंपन्यांच्या कामात तीस-चाळीस वर्षं जुने प्रोग्रॅम असतात. नवा इंजिनिअर आला की पहिल्या आठवड्यात म्हणतो, हे सगळं टाकून नव्यानं लिहू. अनुभवी माणूस विचारतो, आधी सांग, हे आत्ता काय काय करतंय? कारण त्या जुन्या ओळींमध्ये अशी शंभर कामं असतात, जी कोणी कागदावर मांडलेलीच नसतात. टाकून दिल्यावर ती बंद पडतात, आणि मगच समजतं की ती चालू होती. कधीकधी टाकावंच लागतं. पण काय टाकतोय, हे आधी माहीत हवं.

आता पत्रकाकडे येते. आपल्या संस्थेनं कळवलंय, की शाळेची जुनी कौलारू इमारत धोकादायक झाली आहे, पश्चिमेकडचे दोन वर्ग तीन पावसाळे बंद आहेत, आणि ती पाडून तिथे तीन मजली काँक्रीटची इमारत बांधायचा विचार आहे. आपल्याकडे देणग्या मागितल्या आहेत. मी देणार आहे, हे आधी स्पष्ट करते. हॉलंडात बसून "आमची कौलं जपा" असं सांगणं फार सोपं आहे. गळक्या वर्गात बसायचं आहे ते इथल्या मुलांना. मुलांच्या डोक्यावर काय आहे, हा प्रश्न सगळ्यात आधी. त्यापुढे माझ्या-तुमच्या आठवणींना काही किंमत नाही.

पण माझे काही प्रश्न आहेत. आपली मुलं विचारणारी आहेत असं आपण म्हणतो, तर आपणही विचारू या.

पहिला. खाली कोणी बघितलंय का? भिंती चिऱ्याच्या, दीड हात जाडीच्या. गळतंय ते छप्पर. वासे कुजलेत, रिपा गेल्यात, पन्हाळ फुटून पाणी भिंतीत मुरतंय. हे मी काल सकाळी शिडी लावून बघून आले, बरोबर आपल्यातला एक सुतारकाम करणारा मित्रही होता. तो म्हणाला, "भितीक काय्येक जाला नाय." पण त्याचं किंवा माझं मत पुरेसं नाही. माझी पदवी इंजिनिअरिंगची असली तरी ती कॉम्प्युटरची, भिंतीची नव्हे. जुन्या दगडी-लाकडी बांधकामाची माहिती असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी. तिचा खर्च मी एकटी करीन. तो म्हणाला पाडा, तर मी पुढे एक शब्द बोलणार नाही.

दुसरा. ही इमारत आधी काय होती? शाळेच्या आधी ते काजूचं गोदाम होतं, असं माझे आजोबा सांगायचे. हेडसर मान हलवतायत, म्हणजे खरं असणार. तर ही वास्तू एकदा बदललेली आहेच. मठाचं अतिथिगृह, आरमार, महापालिका, हॉटेल होऊ शकतं, तर गोदामाची शाळा झाली तिचं आणखी काही होऊ शकेल. नवे वर्ग मागच्या पटांगणाच्या कडेला बांधता येतील. जुन्या इमारतीत वाचनालय, प्रयोगशाळा, गावाच्या कार्यक्रमांना भाड्यानं देता येईल असं सभागृह. त्या भाड्यातून दरवर्षी कौलं परतायचा खर्च निघाला पाहिजे. तो निघत नसेल तर ही कल्पना सोडून द्यावी, कारण मग पंधरा वर्षांनी पुन्हा हेच पत्रक येईल.

तिसरा, आणि हा माझ्या मनाला लागलेला. आत कोण येणार? त्या ॲमस्टरडॅमच्या इमारतीबद्दल मी इतकं कौतुकानं बोलले, पण एक गोष्ट मला तिथे खुपते. इमारत उत्तम टिकली. जिना टिकला, लग्नाचं दालन टिकलं. पण ट्राम चालवणाऱ्याचं लग्न आता तिथे सहज लागणार नाही. शेजारच्या आजींना मी त्यांच्या वाढदिवसाला तिथे चहाला नेलं. त्या हॉटेलवाल्यांनी फार अगत्यानं वागवलं, आजींना जिन्यावर फोटो काढू दिला. परत येताना आजी म्हणाल्या, "छान ठेवलंय. पण पूर्वी आत यायला काही विकत घ्यावं लागायचं नाही." भिंती टिकवायच्या आणि दार बंद करायचं, हा अर्धाच विजय. आपल्याकडे कोणीतरी सुचवलंय, की जुनी इमारत पर्यटन व्यवसायाला दीर्घ भाड्यानं द्यावी, पैसे बरे येतील. कोकणात आज ते खरंही आहे. माझा त्याला विरोध आहे. ज्या पडवीत कोळ्यांची, भंडाऱ्यांची, गावकारांची आणि भटांची मुलं एका रांगेत चपला काढून बसली, त्या पडवीत चहा पिण्यासाठी आपल्याच गावच्या माणसाला खिसा चाचपावा लागू नये.

आणि शेवटचा प्रश्न छोटासा आहे. व्यायामाच्या खोलीतल्या मधल्या खांबावर दर जूनमध्ये आपली उंची मोजून रेघ मारायचे, बाजूला नाव आणि वर्ष. मध्ये कधीतरी त्यावर हिरवा ऑइलपेंट लागला. काल मी बॅटरी तिरकी धरून बघितलं. रेघा दिसतात. कोरलेल्या आहेत, रंगाखाली शाबूत आहेत. आपल्या आधीच्याही आहेत. त्यांतली कितीतरी मुलं दहावीपर्यंत पोचली नाहीत, बोटीवर गेली, मुंबईला गेली, लग्न होऊन गेली. शाळेच्या निकालपत्रकांत त्यांची नावं नाहीत. कुठे असतील तर या खांबावर. इमारत पाडायची ठरली तरी त्या खांबाला आधी कोणी हात लावू नये. रंग काढून, प्रत्येक नाव वाचून, वहीत उतरवून घ्यावं. या कामाला इंजिनिअर लागत नाही. चार माणसं आणि एक सुट्टी पुरे. मी परवा सकाळी आठला तिथे असेन. पॉलिशपेपर मी आणते, वही चित्रकलेच्या बाई आणणार आहेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी यावं.

  जेवण तयार आहे असं खुणावतायत, आणि सोलकढीचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा मी थांबते.